पाणी शेवटी: लांब केसांतलं जड तेल धुऊन काढण्याची रीत

खोबरेल-एरंडेल चोपडून रात्रभर अंबाडा बांधलेल्या केसांवर सकाळी पहिला मग ओतून बघा. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावं तसं ते वरच्या वर निघून जातं आणि आतली बट कोरडीच राहते. मग शांपू जातो, फेस होत नाही. आणखी शांपू जातो, तरी होत नाही. तोवर अर्धी बादली संपते आणि दुपारी केस वाळल्यावर मानेमागचा पट्टा अजून ओलाच आहे असं वाटतं. तो ओला नसतो, मेणचट असतो.

दोष शांपूचा नसतो, आणि बहुतेक वेळा तेलाचाही नसतो. क्रम चुकलेला असतो. शांपूतल्या किंवा कंडिशनरमधल्या साबणसदृश कणांचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. आधी तेलाला धरायला त्यांना वेळ मिळाला, तर नंतर येणारं पाणी तेलाला बरोबर घेऊन जातं. आधीच पाणी ओतलं, तर तो शांपू पातळ होऊन पाण्याबरोबरच मोरीत जातो आणि तेल जागच्या जागी राहतं. म्हणून भरपूर तेल लावलेल्या केसांना पाणी सगळ्यात शेवटी लागायला हवं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

तेल कोणतं, त्यावर धुणं ठरतं

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही हे घरोघरी माहीत आहे. पण त्याच तेलाने माखलेल्या केसांवर नळाचं गार पाणी घातलं की तेही केसांवरच थिजतं, हे मात्र लक्षात येत नाही. हिवाळ्यात धुऊनही केस मेणबत्ती चोळल्यासारखे लागतात त्याचं हे कारण. एरवी खोबरेल हे धुवायला सोपं तेल. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत मुरतं, आणि मुरलेलं तेल चिकट लागत नाही. चिकट लागतं ते वर राहिलेलं. काढायचं आहे तेवढंच.

तीळ, बदाम, मोहरी ही तेलं मधल्या वजनाची. थिजत नाहीत, पण मोहरीचा वास दोन धुण्यांनंतरही जात नाही. माका, ब्राह्मी, जास्वंद किंवा कढीपत्ता घालून घरी कढवलेलं तेल मुळात खोबरेल किंवा तिळाचंच असतं. त्यात त्रास तेलाचा नसून गाळाचा असतो. जाड गाळणीतून गाळलं की पाल्याचा काळा चुरा टाळूवर बसतो आणि दोन शांपूनंतरही भांगात कोंड्यासारखा दिसतो. सुती कापडातून दोनदा गाळा आणि तळाचा शेवटचा चमचा डोक्याला लावूच नका.

बाजारातल्या पातळ, न चिकटणाऱ्या तेलांच्या बाटलीवर घटकांत ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ असं असेल, तर ते केसात फारसं मुरत नाही, वर राहतं आणि एका शांपूत जातं.

खरा त्रास एरंडेलाचा. ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलापेक्षा दहापटीहून जास्त घट्ट असतं. त्यातलं जवळजवळ ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल हे एरवीच्या स्वयंपाकी तेलांत सापडत नाही, आणि त्याच्यामुळेच ते मधासारखं ओघळतं. केसांना ते चिकटून बसतं आणि एक केस दुसऱ्यालाही चिकटवतं.

आपल्याकडे विदर्भात जवस घरात असतो, म्हणून कुणी जवसाचं तेल डोक्याला लावायला सांगतं. जवसाच्या चटणीला विरोध नाही. पण जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन वाळतं. रंगकामात ते वापरतात ते याच गुणासाठी. केसांवर रात्रभर ठेवलेलं जवसाचं तेल सकाळी पातळ वार्निशासारखं लागू शकतं आणि मग कोणताही शांपू त्याच्यापुढे टिकत नाही. लावायचंच असेल तर तासाभरात धुवा. जवस उकळून काढलेला चिकट गर ही वेगळी गोष्ट आहे, तो पाण्यानेच निघतो.

लावतानाच हात आवरा

कमरेपर्यंतच्या, मध्यम दाट केसांना १५ ते २० मिली तेल पुरतं, म्हणजे पोह्यांचे तीन-चार चमचे. त्याहून लांब आणि दाट केसांना २५ मिली. वाटीभर तेल ओतून वेणीतून ओघळेपर्यंत लावणं यात केसांचा काही फायदा नाही. जादाचं सगळं उशीच्या अभ्र्यात आणि मोरीत जातं. तळहातावर एका वेळी चहाचा अर्धा चमचा घ्यायचा, दोन्ही हातांना चोळायचा आणि केसांवरून हात फिरवायचा. बट चमकली पण बोटाला थेंब लागला नाही, तर तेल बरोबर झालं.

एरंडेल कधीही नुसतं लावू नका. तीन चमचे खोबरेल किंवा तीळ आणि एक चमचा एरंडेल, याहून दाट मिश्रण लांब केसांना झेपत नाही. तेही टाळूला आणि मुळांपासून चार बोटांपर्यंतच. खालच्या लांबीला एरंडेलाची गरज नसते, आणि गुंता तिथेच होतो.

वेळेचं म्हणाल तर धुण्याआधी दोन तास पुरे. रात्रभर ठेवायला हरकत नाही, पण डोक्यात कोंडा असेल तर नको. कोंड्याला कारणीभूत असलेली मॅलासेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवर जगते. कोंड्यावर उपाय म्हणून तेल लावून दोन दिवस ठेवणं म्हणजे तिलाच पंगत घालणं. कपाळावर, भांगाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येत असतील तरीही तेल जास्त वेळ ठेवू नका.

धुण्याआधी

लागतं ते असं: मोठ्या दातांचा कंगवा, जुना सुती पंचा किंवा धुऊन मऊ झालेला दुपट्टा, साधं कंडिशनर, शांपू, एक रिकामा मग आणि दीड बादली कोमट पाणी. कंडिशनर महाग नको. उलट ज्यात ‘आर्गन’, ‘शिया’ वगैरे तेलं भरलेली आहेत ते या कामाला निरुपयोगी, कारण तेल काढायला तेलच घातल्यासारखं होतं. घटकांत सिट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइड वरच्या चार-पाच नावांत असेल तर ते कामाचं.

शांपूच्या बाटलीमागे ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ लिहिलेलं असेल तर तो तेल नीट काढतो. सल्फेट नसलेले शांपू सौम्य असतात, रोजच्याला चांगले, पण एरंडेल लावलेल्या दिवशी त्यांच्याकडून तीन फेऱ्या करून घ्याव्या लागतात आणि तेवढ्या चोळाचोळीत केसांचं जास्त नुकसान होतं. त्या दिवसापुरता सल्फेटवाला वापरलेला बरा.

पायऱ्या

पहिली पायरी कोरडीच. केस मोकळे सोडून बोटांनी, मग कंगव्याने टोकाकडून वर गुंता काढा. तेल अंगावर असताना केस सहज सुटतात, पाणी लागल्यावर सुटत नाहीत. ओल्या झालेल्या केसात तुटण्याची तयारी आधीच असते. केसांचे चार भाग करा: दोन कानांपासून वरून एक रेघ, आणि मधला भांग मागे मानेपर्यंत. प्रत्येक भाग पंच्यात गुंडाळून मुठीत दाबा, पिळू नका. पंच्यावर डाग उमटेल. जेवढं तेल कापडात आलं तेवढा शांपू वाचला.

दुसरी पायरी कंडिशनरची, आणि ही कोरड्या तेलकट केसांवर. कमरेपर्यंतच्या केसांना ३० ते ४० मिली घ्या. मुळं सोडून कानाच्या खालपासून टोकांपर्यंत, एकेक भाग हातात घेऊन, वरून खाली ओढत लावा. लावताना बघत राहा. आधी पांढरं कंडिशनर केसांवर वेगळं दिसतं, दोन मिनिटं हात फिरवल्यावर ते दिसेनासं होतं आणि बट एकसंध, गुळगुळीत लागते. तेल आणि कंडिशनर एकजीव झालं याची ही खूण. दहा मिनिटं तसंच ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात बाथरूमबाहेर पंख्याखाली जाऊन बसू नका, ते केसांवरच वाळायला लागेल; सैल अंबाडा घालून प्लास्टिकची टोपी किंवा पिशवी डोक्याला गुंडाळा.

तिसरी पायरी टाळूची. इथे कंडिशनर नाही, सरळ शांपू, आणि तोही अजून पाणी न लागलेल्या केसांवर. १० मिली शांपू घ्या. पाऊच वापरत असाल तर त्यावर छापलेले मिली बघून एक की दोन ते ठरवा. बोटांच्या टोकांवर घेऊन चार ठिकाणी लावा: कपाळामागे, दोन्ही कानांच्या वर आणि मानेच्या वरच्या खळग्यात. शेवटची जागा बहुतेकजण विसरतात आणि तेल नेमकं तिथेच राहतं. नखं न लावता दोन मिनिटं चोळा. फेस होणार नाही. व्हायचाही नाही. तेलात फेस मरतो, त्याचा शांपू कमी पडण्याशी संबंध नाही. इथे घाबरून आणखी शांपू ओतणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

आता पाणी, पण मगभर नाही. ओंजळभर कोमट पाणी टाळूवर शिंपडा आणि पुन्हा चोळा. मग आणखी एक ओंजळ. तिसऱ्या-चौथ्या ओंजळीला बोटांमधून दुधासारखं पांढरट पाणी वाहायला लागेल. हीच ती वेळ. तेलाचे बारीक बारीक थेंब पाण्यात लटकले की पाणी दुधाळ दिसतं. हे दिसेपर्यंत मग उचलायचा नाही. दिसलं की डोकं मागे टाकून चार-पाच मग सलग ओता, आणि वरून येणारं ते दुधाळ पाणी लांबीतलं कंडिशनरही बरोबर नेऊ द्या. या वेळी केस हातांनी वरून खाली निथळवा. गोळा करून डोक्यावर रचू नका. का ते पुढे येईल.

दुसऱ्या शांपूला ५ ते ६ मिली पुरतो. आता केस ओले आहेत, म्हणून तो मगात अर्धा पेला पाण्यात कालवून टाळूवर ओता. या वेळी फेस होईल. नाही झाला तर पहिल्या फेरीत तेल राहिलं आहे. आणखी शांपू न घेता फेस मावळलेलं पाणी धुऊन काढा आणि पुन्हा तेवढाच शांपू घ्या. फेस लांबीवरून फक्त ओघळू द्या. टोकांना दुसऱ्यांदा चोळायचं काहीच कारण नाही, तिथली चार-पाच वर्षांपूर्वीची केसांची साल आधीच झिजलेली असते.

धुऊन झाल्याची खूण पाण्यात बघा. स्वच्छ केसांवर पाणी झिरपतं, बट जड होऊन सरळ लोंबते. तेल उरलेल्या केसांवर पाणी मोत्यांसारखं थेंबाथेंबाने थांबतं. दुसरी खूण बोटांची: कानामागची एक बट चिमटीत धरून खाली ओढा. शिजलेल्या शेवईसारखी सुळकन गेली तर तेल आहे. किंचित अडली, बारीकसा करकर आवाज आला तर मुळांशी काम झालं. पण टोकांशीही करकर आवाज यायला लागला तर जास्त धुतलंत. टोकं थोडी सुळसुळीतच राहिली पाहिजेत, नाहीतर तेल लावलं कशासाठी?

शेवटी टोकांना पुन्हा चहाच्या चमचाभर कंडिशनर, दोन मिनिटं, आणि गार नाही, पण आधीच्या कोमट पाण्याहून थोडं थंड पाणी.

पाण्याचं काय

अंगाला सुखावेल असं, ३७ ते ४० अंशांचं पाणी. कढत पाण्याने तेल लवकर जातं ही समजूत अर्धीच खरी आहे. थिजलेलं खोबरेल वितळायला २५ अंशही पुरतात, आणि त्यापुढचं काम उष्णता करत नाही, शांपू करतो. कढत पाण्याने टाळू मात्र कोरडी पडते आणि खाज सुटते.

नागपुरात हा हिशेब ऋतूप्रमाणे उलटा होतो. जानेवारीत सकाळी सातला नळाचं पाणी घेऊ नका, गिझर लावा किंवा उन्हं आल्यावर नहा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. तेव्हा केस पहाटे धुवा, किंवा रात्री भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी मिसळा.

घरी पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी येतं की बोअरचं, यानेही फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. शांपूचा फेस त्यात कमी होतो एवढंच, पण अंगाच्या साबणाच्या वडीने डोकं धुतलं तर त्याच कॅल्शियमशी साबणाची न विरघळणारी पांढरी चिकट मळी तयार होते आणि ती तेलापेक्षा वाईट. बादलीच्या आत कडेला जो खरबरीत थर बसतो, तोच केसांवर बसतो. बोअरचंच पाणी असेल तर शेवटचे दोन मग पिण्याच्या पाण्याचे वापरा, किंवा लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून ते ओता आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. लिंबू पिळायचं तर अर्ध्या लिंबाहून जास्त नको, आणि ते नीट धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस कातडीवर राहून ऊन लागलं की काळपट डाग आणि फोड येतात.

रिठा-शिकेकाईने धुणार असाल तर

धुतले जातात, पण मर्यादा ओळखून. खोबरेल, तीळ किंवा माक्याचं तेल १५ मिलीपर्यंत लावलं असेल तर रिठा-शिकेकाईचं पाणी पुरतं. एरंडेलाला पुरत नाही. त्या दिवशी हट्ट करू नका.

नागपुरात इतवारीत मस्कासाथच्या बाजूला किंवा महाल भागात काष्ठौषधींच्या दुकानात अख्खे जिन्नस मागा, तयार पूड नको. पुडीत रिठ्याच्या बियांपासून लाकडाच्या भुशापर्यंत काय आहे ते कळत नाही, आणि जाड पूड लांब केसांतून निघता निघत नाही. एका धुण्याला दहा रिठे (बिया काढून), सात-आठ शिकेकाईच्या शेंगा, पाच-सहा आवळकाठीचे तुकडे. रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला. भांडं स्टीलचं, लोखंडी कढई नको, कारण आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून पाणी काळंकुट्ट होतं आणि टॉवेलवर डाग पडतात. सकाळी मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत उकळा. रिठा उतू जातो, दुधासारखाच, तेव्हा पातेलं मोठं घ्या आणि समोर उभे राहा. कोमट झाल्यावर हाताने कुस्करून सुती कापडातून दोनदा गाळा.

इथेही क्रम तोच. अर्धं पाणी कोरड्या तेलकट केसांवर, थोडं थोडं, टाळूपासून. पाच मिनिटं चोळून धुवा, मग उरलेलं अर्धं. डोळे घट्ट मिटा आणि डोकं मागे टाका. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर शांपूहून कितीतरी जास्त झोंबतं आणि डोळा तासभर लाल राहतो. लहान पोरींची डोकी धुताना कपाळावर दुपट्ट्याची घडी बांधा. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, नंतर आंबूस वास येतो.

बेसन, मुलतानी माती आणि संत्र्याची सालं

दिवाळीच्या अभ्यंगाला अंगाचं तेल बेसन किंवा उटण्याने काढतात, म्हणून तेच डोक्यालाही चालेल असं वाटतं. पीठ तेल शोषतं हे खरं. पण बेसनावर कढत पाणी पडलं की त्यातला स्टार्च फुगून शिजतो आणि केसांत पिठल्याच्या गुठळ्या तयार होतात. आखूड केसांतून त्या निघतील, कमरेपर्यंतच्या नाही. वापरायचंच असेल तर मुगाचं वस्त्रगाळ पीठ तीन चमचे, ताकासारखं पातळ कालवून, फक्त टाळूला, आणि धुवायचं पाणी जेमतेम कोमट.

मुलतानी माती तेल ओढते, पण वाळू दिली तर केसांवर कवच होतं आणि ते फोडताना केस तुटतात. संत्र्याच्या सालींची पूड हे नागपूरकरांचं लाडकं औषध. वास छान, तेल काढण्यात तिचा वाटा शून्याच्या जवळपास, आणि भरड कण आठवडाभर कंगव्यात निघत राहतात. ती चेहऱ्याच्या लेपात ठेवा.

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा यांचा मोह एरंडेलाच्या दिवशी हमखास होतो. धुण्याच्या सोड्याचा पीएच ११ च्या आसपास आणि कपड्यांच्या साबणाचा ९-१० असतो, तर टाळूचा साडेपाचच्या जवळ. अशा क्षारयुक्त पाण्यात केसाची साल उचकटते, केस फुगतात आणि एकमेकांत अडकतात. तेल जातं, आणि त्याच्याबरोबर केसांचा मऊपणाही.

गुंता होऊन गठ्ठा झाला तर

लांब केस डोक्यावर गोळा करून, कपडे चोळल्यासारखे गोल गोल चोळायची सवय अनेकांना असते. साध्या दिवशी त्याने गुंता होतो. एरंडेल लावलेलं असताना त्याचा नमद्यासारखा गठ्ठा होऊ शकतो: चिकट तेल, उचकटलेली साल आणि गोल घर्षण या तिन्हींनी केस एकमेकांत विणले जातात. एरंडेलानंतर केसांचा असा दगडासारखा घट्ट गोळा झाल्याची एका तरुण मुलीची नोंद २०१७ मध्ये केसांच्या विकारांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. अशा गोळ्याला बहुधा कात्रीच लावावी लागते. हे क्वचित होतं, पण होतं ते एका धुण्यातच, म्हणून केस नेहमी उभे, लोंबते ठेवून धुवायचे.

गठ्ठा जाणवला की त्याच क्षणी पाणी थांबवा. आणखी शांपू नको. टॉवेलने टिपून भरपूर कंडिशनर किंवा पातळ तेल त्यात मुरवा, अर्धा तास थांबा आणि खालच्या टोकाकडून, एका वेळी पाच-दहा केस, बोटांनी वेगळे करत वर जा. कंगवा सगळ्यात शेवटी. या कामाला दुपार लागली तर लागू द्या. बहिणीला नाहीतर मैत्रिणीला मागे बसवा, स्वतःच्या मानेमागचा गुंता स्वतःला दिसत नाही.

वाळल्यावरही ओशट लागतंय

पातळ कागद किंवा टिश्यू वाळलेल्या बटेवर दाबा. पारदर्शक डाग आला तर तेल राहिलंय. डाग नाही पण केस जड आणि चिकट, तर ते बहुधा नीट न धुतलेलं कंडिशनर किंवा बोअरच्या पाण्याची मळी आहे, त्याला व्हिनेगरचं पाणी चालेल.

तेलच असेल तर पूर्ण डोकं पुन्हा भिजवू नका. जिथे डाग आला, म्हणजे साधारण मानेच्या वर आणि कानांच्या मागे, तेवढ्याच कोरड्या केसांना कंडिशनर चोळा, दहा मिनिटांनी त्या जागी थोडा शांपू आणि धुवा. एरंडेलाचा पट्टा तरीही सुटत नसेल तर त्यावर आधी चमचाभर पातळ पॅराफिन तेल चोळा. उलटं वाटेल, पण घट्ट तेल पातळ तेलात मिसळून सैल होतं आणि मग कंडिशनरला ते सापडतं. संध्याकाळी लग्नाला जायचं असेल आणि वेळच नसेल, तर मुळांशी चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरून दहा मिनिटांनी झटका आणि वेणी घाला. मोकळे केस सोडायचा तो दिवस नव्हे.

दुसऱ्या दिवशी मेंदी लावायची असेल तर मात्र ही कागदाची परीक्षा टाळू नका. तेलाचा थर असलेल्या केसांवर मेंदी नीट चढत नाही आणि पांढरे केस ठिपक्या-ठिपक्यांनी रंगतात.

वाळवणं

टॉवेल गच्च गुंडाळून डोक्यावर पगडी बांधून तासभर फिरू नका. ओल्या केसांना मुळाशी ओढ बसते. सुती पंच्याने टिपा, मग मोकळे सोडा. उन्हाळ्यात कूलरसमोर केस वाळवायला बसणं हे नागपुरातल्या प्रत्येक घरातलं दृश्य, पण कूलरची हवा वाळ्याच्या ताट्यांतून भिजूनच येते. वाळ्याचा वास मिळतो, केस वाळत नाहीत. पंख्याखाली ते लवकर वाळतील. हिवाळ्यात सकाळचं गच्चीवरचं ऊन उत्तम. पावसाळ्यात दाट केस रात्री धुऊन ओल्यानेच वेणी घालून झोपलं की सकाळी कुबट वास येतो, तो तेलाचा समजून लोक पुन्हा धुतात.

ड्रायर लावायचा तर तेल पूर्ण निघाल्याची खात्री करून, आणि वीतभर लांबून.

बाथरूम, मोरी, कंगवा

तेलाचं पाणी फरशीवर पसरलं की पाय घसरतो. घरात आजी किंवा लहान मूल असेल तर केस धुतल्याबरोबर फरशीवर भांड्यांचा साबण टाकून घासा. तो तिथे हवाच, डोक्यात नको इतकंच. मोरीच्या जाळीवर केस अडकवणारी बारीक जाळी ठेवा. खोबरेल हिवाळ्यात पाइपात थिजतं, त्यात केस आणि बेसन अडकलं की संक्रांतीच्या सुमारास मोरी तुंबते. धुऊन झाल्यावर अर्धी बादली गरम पाणी मोरीत ओतून द्या.

तेल टिपलेला पंचा बाकीच्या कपड्यांत टाकू नका, वास सगळ्यांना लागतो. गरम पाण्यात साबणात भिजवून वेगळा धुवा. जवसाचं तेल टिपलेली चिंधी तर बोळा करून कोपऱ्यात ठेवूच नका. वाळताना ते तापतं आणि पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा लगेच धुवा.

आणि कंगवा. ज्या कंगव्याने तेल लावताना गुंता काढला, तोच दुपारी धुतलेल्या केसांतून फिरवला की भांगाजवळ पुन्हा ओशट रेघ उमटते. केस धुवायला घेताना कंगवाही शांपूच्या पाण्यात बुडवून ठेवा, आणि उशीचा अभ्रा त्याच दिवशी बदला.